दोन जागांची गाडी

वॉशिंग मशीनमध्ये काहीतरी टक्कन वाजलं. मग नुसती घरघर, आणि पुन्हा टक्. रविवारच्या सकाळी अख्ख्या घरात तेवढाच आवाज होता. तीराने कॉफीचा मग खाली ठेवला आणि कान दिला. खडा. मायकेनच्या डंगरीच्या खिशातला खडा. खिसे तपासायचे या वेळीही राहिले होते. की तिने मुद्दामच तपासले नव्हते, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं. पाच वर्षांची पोर शुक्रवारी तिच्या पप्पाकडे गेली की घर असं मुकं व्हायचं, की मशीनमध्ये खडा वाजला तरी कुणी आल्यासारखं वाटायचं.

एक आठवडा आईकडे, एक आठवडा बापाकडे. शुक्रवारी सकाळी एकाने मुलीला बालवाडीत सोडायचं आणि तिच्या कपड्यांची बॅग खुंटीला अडकवायची. दुपारी दुसऱ्याने मुलगी आणि बॅग, दोन्ही न्यायचं. एकमेकांचं तोंड बघायची वेळच येत नाही. त्यांच्या रस्त्यावरच्या निम्म्या पोरांचं असंच होतं, कुणाला त्यात वावगं वाटत नसे. तीरा आणि हालवार वेगळे झाले तेव्हा सगळे म्हणाले, किती समजुतीनं घेतलंत हो दोघांनी. तीराही म्हणाली, हो ना. तेव्हा तिला वाटलं होतं, थोडे दिवस. मग एक हिवाळा गेला, आता दुसराही संपत आला होता.

फोन वाजला. वडील होते, रूने.

"उठलीस का?"

"बाबा, दहा वाजलेत."

"मग उठली असशील. ये इकडे. आणि येताना दालचिनीचे बन आण. शिळे नकोत. मागच्या वेळचे मी चिमण्यांना घातले, त्यांनीही तोंड फिरवलं."

रूनेंचं घर व्हेनर्न तळ्याच्या काठी, टेकडीच्या पायथ्याला. जन्मभर त्यांनी गाड्यांचं पत्राकाम केलं: ठोकणं, जोडणं, गंज खरवडणं. आता हात थरथरायचे. मे महिन्यात ते गावातल्या फ्लॅटमध्ये राहायला जाणार होते, हे ठरलं होतं. फ्लॅटखाली गॅरेज होतं, पण एकाच गाडीचं. आणि गोठ्यात गाड्या होत्या दोन.

गुरं गेल्याला तीस वर्षं झाली तरी सगळे त्याला गोठाच म्हणत. आत दोन्ही गाड्या हिवाळाभर लाकडी ठोकळ्यांवर चढवलेल्या, अंगावर जुन्या चादरी. रूनेंनी चादरी ओढून काढल्या. दोन्ही एकाच इंग्रजी कारखान्यातल्या, तीराच्या जन्माच्या कितीतरी आधीच्या, पण सख्ख्या बहिणी असाव्यात तशा सारख्याही आणि वेगळ्याही. एक फिकट हिरवी, उघडी. कापडी टप मागे घडी करून ठेवला की वर थेट आभाळ. दुसरी गडद निळी कूपे, पक्क्या टपाची, पाठ मांजरासारखी उतरत गेलेली.

"एक तुझी," रूने बनचा तुकडा तोडत म्हणाले. "म्हणजे गाडी तुझी, गॅरेज माझं, आणि भांडण दोघांचं. दुसरी डेन्मार्कचा एक माणूस नेणार आहे. पुढच्या नाही, त्याच्या पुढच्या रविवारी येतोय. कुठलीही द्या म्हणतो. दोन्ही त्याच्या मनात भरल्यात."

"कुठली ठेवायची ते तूच सांग ना."

"मी नाही सांगणार."

"का?"

"कारण मला विचारलंस तर मी दोन्ही ठेवीन आणि स्वतः गोठ्यात झोपेन. तूच ठरव. दिवसभर लोकांना चष्मे निवडून देतेस ना?"

ते खरं होतं. तीरा गावातल्या चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायची. अंधाऱ्या खोलीत लोकांसमोर एकेक काच धरून विचारायची, हे स्पष्ट दिसतं की आधीचं? लोक पटकन सांगायचे.

"चालवून बघते दोन्ही."

"आज? डोकं ठिकाणावर आहे का? रस्त्यावर अजून मीठ आहे!"

हिवाळाभर बर्फ वितळावा म्हणून रस्त्यांवर मीठ पसरतात. बर्फ जातो, मीठ उरतं. ते पत्र्याला लागलं की गंज धरलाच. म्हणून इथल्या जुन्या गाड्यांची माणसं ऊन पडलं तरी बाहेर निघत नाहीत. चांगला झोडपून पाऊस पडून रस्ते धुऊन निघण्याची वाट बघतात. शेजारच्या गावातला एक उतावीळ माणूस मार्चमध्येच गाडी काढून बसला होता, तर रूने त्याच्याशी वर्षभर बोलले नव्हते.

"मग बसून तरी बघते," तीरा म्हणाली.

ती आधी हिरवीत बसली. या गाडीचं तिला लहानपणापासून वेड. पण स्टिअरिंगवर हात ठेवले की आता बालपण आठवत नसे. हालवार आठवायचा. त्यांचा पहिला उन्हाळा. रूनेंनी किल्ली दिली होती ती शंभर सूचना देऊन, आणि तळ्याच्या वळणावर सर आली. थांबून टप वर ओढायचा तर दोन मिनिटांचं काम. पण थांबायचं दोघांच्याही जिवावर आलं होतं. हालवारने मांडीवरचं वर्तमानपत्र उघडून तिच्या डोक्यावर धरलं, तिला पुढचं दिसावं म्हणून. स्वतः चिंब. वर्तमानपत्राचा लगदा होईपर्यंत धरून होता तो.

मग ती निळीत जाऊन बसली. आत वेगळाच वास होता, चामड्याचा आणि आईच्या हातमोज्यांचा. आईचे कान दुखायचे. उघड्या गाडीत डोक्याला रुमाल गुंडाळून, वर हाताने कान दाबून बसायची. म्हणून रूनेंनी ही कूपे शोधून आणली, भंगारातून उभी केली. दोनच उन्हाळे बसली आई त्यात.

तीराने मागे वळून पाहिलं. हिरवीत जागा दोनच. निळीत मात्र पुढच्या दोन जागांच्या मागे एक अरुंद बाक होता, मोठ्या माणसाचे गुडघे न मावणारा. पण मायकेन मावेल. मायकेन मागे बसली, की पुढची जागा मोकळी राहील.

मनात हे आलं आणि तिचा चेहरा एकदम गरम झाला. जणू ती हे मोठ्याने बोलली होती आणि बाबांनी ऐकलं होतं.

"काय गं?" रूने म्हणाले.

"काही नाही. मागे जागा आहे, एवढंच बघत होते."

"हं," रूने म्हणाले, आणि बनकडे बघत राहिले.

घरी येताना तिला कळून चुकलं होतं की प्रश्न टपाचा नव्हताच. हिरवी घेतली तर ती आणि मायकेन. हालवारला त्या गाडीत जागाच नाही, आणि ते तिने आपल्या हाताने ठरवल्यासारखं होईल. निळी घेतली तर एक जागा राखून ठेवल्यासारखी. कुणासाठी, ते कुणाला सांगायची गरज नाही.

शुक्रवारी मायकेन आली आणि घर पुन्हा बोलू लागलं. शनिवारी दोघी गोठ्यात गेल्या.

"मोरफार!" मायकेन ओरडली. आईच्या वडिलांना इथे असंच म्हणतात. "मला दोन्ही गाड्यांत बसायचंय!"

"तुझी आईही तेच म्हणते. दोघी मिळून खड्ड्यात घाला मला."

मायकेन आधी निळीच्या मागच्या बाकावर चढली, पाय पसरले आणि हुकूम सोडला. "ड्रायव्हर, चला! मला राजवाड्यात सोडा."

"राजवाड्यात चिखलाचे बूट चालतात का, बाईसाहेब?" रूने म्हणाले.

"माझ्या राजवाड्यात चालतात. मोरफार, तू पुढे बस. तू प्रधान."

रूने कण्हत पुढे बसले. तीराने त्या दोघांना बाहेरून, काचेतून पाहिलं. पुढे एक माणूस, मागे लेक, स्टिअरिंगमागची जागा तेवढी तिची. चित्र पुरं होतं, फक्त माणूस दुसरा हवा होता.

मग हिरवीत मायकेन पुढे बसली. डॅशबोर्डवरून तिला काहीच दिसेना. वर बघत ती म्हणाली, "इथून कोळ्याचं जाळं दिसतं. छान आहे." तेवढ्यावर हिरवीचं परीक्षण संपलं.

त्या आठवड्यात ढगाचा पत्ता नव्हता. दुकानात येणारा प्रत्येक जण ऊन ऊन करत आत शिरायचा, काय सुंदर हवा पडलीय म्हणायचा, आणि तीरा खिडकीतून आभाळाकडे बघत म्हणायची, हो ना. साऱ्या गावात पावसाची वाट बघणारी ती एकटीच होती. एका म्हाताऱ्या बाईंना काच बदलून दाखवताना तिने विचारलं, "हे स्पष्ट दिसतं की आधीचं?" आणि बाई म्हणाल्या, "मुली, तुझं लक्ष कुठंय? तू तीच काच पुन्हा लावलीस."

गुरुवारी संध्याकाळी पाऊस आला. चांगला सडकून आला, पन्हळी वाहिल्या. सकाळी सात वाजता रूनेंचा फोन.

"बोट फिरवून चाखला रस्ता. अजिबात खारट नाही."

"बाबा! रस्ता चाखलास?"

"मग काय, तुझ्यासारखं यंत्र लावून बघू? ये लवकर. मी निळी खाली उतरवतो."

शुक्रवार होता. तीराने मायकेनला बालवाडीत सोडलं, बॅग खुंटीला अडकवली, मायकेनच्या केसांत नाक खुपसून एकदा वास घेतला आणि निघाली. दुपारची सुट्टी तिने मागून घेतली होती. रोजच्या गाडीतली मायकेनची सीट काढून तिने निळीच्या मागच्या बाकावर बसवली. फक्त बसते का बघायला. बसली, पट्टे घट्ट आवळून बसली.

निळी सुरेख चालली. तळ्याकाठच्या रस्त्यावर चाकांखाली ओलं डांबर चुरचुरत होतं, बर्च झाडांना अजून पान नव्हतं, पण फांद्यांवर जांभळट झाक आली होती. आतमध्ये ऊब होती आणि इंजिनाचा आवाज कुणी शेजारच्या खोलीत गुणगुणावं तसा. तीरा गेली ती जातच राहिली. तीन वाजत आले तसे तिच्या हातांनी आपोआप वळण घेतलं. आठवडाभर रोज याच वेळी ती याच वळणावर वळत होती. बालवाडीच्या फाटकाशी तिने गाडी लावली, काय म्हणेल पोर ही गाडी बघून, अशा आनंदात आत गेली, आणि दारातच थांबली.

बाकावर हालवार वाकून मायकेनच्या बुटाची नाडी बांधत होता.

"अरे वा, आज दोघंही?" बालवाडीच्या बिर्गितबाई हसल्या. "चंगळ आहे गं मायकेन तुझी."

"मम्मा!" मायकेन एका बुटावर उड्या मारत आली.

तीराच्या कानशिलांपर्यंत लाली चढली. "मी... चुकलेच. आज तुझा शुक्रवार."

"माझाच," हालवार म्हणाला. रागावला नव्हता तो. हसला. तेच अर्ध्या ओठांचं हसू. "होतं असं. मीही गेल्या महिन्यात येऊन गेलो होतो असाच. कुणाला सांगितलं नाही." मग त्याची नजर फाटकाकडे गेली. "थांब, ती रूनेची निळी? त्यानं बाहेर काढू दिली? तब्येत बरी आहे ना त्याची?"

"ठणठणीत आहे. रस्ता चाखून परवानगी दिली."

हालवार मोठ्याने हसला. मायकेनने दोघांचा एकेक हात धरला होता. "आइस्क्रीमला जाऊ या. तिघं. या गाडीतून. दुकान उघडलंय, मी बघितलं."

हालवारने घड्याळ बघितलं, तीराकडे बघितलं. "आइस्क्रीमपर्यंत," तो म्हणाला.

त्याने मायकेनला मागे बसवलं, पट्टा लावला. ही सीट आधीच इथे कशी, असं त्याने विचारलं नाही, आणि तीराने मनातल्या मनात त्याचे आभार मानले. मग तो स्वतःला घडी घालून पुढे बसला, गुडघे जवळजवळ हनुवटीला.

तळ्याकाठचं आइस्क्रीमचं दुकान त्याच आठवड्यात उघडलं होतं. गार वाऱ्यात कुडकुडत सगळे रांगेत उभे होते, पहिलं आइस्क्रीम म्हणजे उन्हाळा आला असं स्वतःला बजावत. त्यांनी गाडीत बसून खाल्लं. हालवार मागे वळून मायकेनची हनुवटी पुसत होता, आणि वळताना त्याचा हात तीराच्या सीटच्या पाठीवर टेकला होता. खांद्याला लागत नव्हता. पण तीराचा खांदा त्या हाताची ऊब मोजत होता. काचांवर तिघांच्या श्वासाचं धुकं धरलं होतं. बाहेर तळं आहे की नाही, हेही दिसेनासं झालं.

"हीच घे तू," हालवार म्हणाला. "आपल्या हिरवीपेक्षा ही बरी. घरासारखी आहे."

आपल्या हिरवीपेक्षा. तीराने कोनाचा तुकडा गिळला. "तिघांना पुरते," ती म्हणाली. हळूच म्हणाली, पण म्हणाली.

मागे मायकेन कोन कुरतडत होती. तेवढाच आवाज.

"तीरा," हालवार म्हणाला. त्या एका हाकेत सगळं होतं. हात त्याने काढून घेतला, घाईने नाही, जपून. "मी मायकेनसाठी म्हणत होतो गं. डोक्यावर छप्पर असलेलं बरं, एवढंच."

"मीही तेच म्हणत होते," तीरा म्हणाली, आणि काच पुसायला लागली.

बालवाडीपाशी हालवारची मोठी गाडी उभी होती. कूपेला दारं दोनच. पुढचा उतरल्याशिवाय मागच्याला उतरता येत नाही. हालवार उतरला, पुढची सीट पाडली, वाकून मायकेनला बाहेर काढलं, खांद्यावर बॅग टाकली.

"सोडलंस, बरं झालं," तो म्हणाला. लिफ्ट दिलेल्या माणसाला म्हणतात तसं, आदबीनं. मग त्यालाच ते कसंतरी वाटलं असावं. "छान वाटलं, तीरा. खरंच."

मायकेन दोन्ही हातांनी टाटा करत राहिली. तीरा निघाली. शेजारची सीट तशीच पुढे पाडलेली होती, कुणी मान खाली घालून बसावं तशी. ती तिने बराच वेळ सरळ केली नाही.

रूने गोठ्याच्या दारात उभे होते. "कशी चालली?"

"अगदी लोण्यासारखी."

"मग?"

"हिरवी ठेवू या, बाबा."

रूने फडकं घेऊन निळीच्या चाकावरचा चिखल पुसायला लागले. तो पुसून झाल्यावरही पुसत राहिले.

"आईची गाडी जाईल मग," तीरा म्हणाली. आता तिचा आवाज फुटत होता, आणि तो आईसाठी आहे असं समजायला दोघांनाही सोयीचं होतं.

"जाऊ दे. तिला कायम डेन्मार्क बघायचं होतं," रूने म्हणाले. "मीच कधी नेलं नाही."

रविवारी डेन्मार्कचा माणूस ट्रेलर घेऊन आला. गुलाबी गालांचा, हसरा, बोललेलं निम्मंच कळत होतं. डावी काच वर करताना दाराला आतून एक चापट मारावी लागते, हे रूनेंनी त्याला तीनदा करून दाखवलं. चौथ्यांदा त्यालाच करायला लावलं. निळी चढवून झाली, दोर आवळले, आणि मग तो माणूस आत बोट दाखवून काहीतरी म्हणाला. मागच्या बाकावर मायकेनची सीट तशीच होती. तीरा ट्रेलरवर चढली. तिने स्वतः आवळलेले पट्टे आता तिच्याच बोटांना दाद देईनात.

पुढचा आठवडा तिने हिरवी चालवली. कामाला जाताना, येताना. वारा कानांत शिरायचा, डोळ्यांतून पाणी यायचं. टोपी कपाळावर ओढून ती जायची. आणि जाता जाता मनाशी वाक्यं जुळवायची. पप्पा कुठे बसणार, असं मायकेन विचारेल. विचारणारच. त्यावर काय सांगायचं? पप्पा आणि मम्मा तुझ्यावर सारखंच प्रेम करतात, हे जुनं झालं होतं. ही गाडी छोटी आहे, हे खरं असून खोटं होतं. शेवटी एक वाक्य तिने पक्कं केलं. आरशात बघून म्हणून पाहिलं, तेव्हा आवाज कापला नाही.

शुक्रवार उजाडला. या वेळी तिचा शुक्रवार. मायकेनची सीट तिने आपल्या शेजारी बसवली. दुपारी बालवाडीच्या फाटकाशी मायकेनला लोकरी टोपी घातली, वर मफलर, त्यावर रूनेंनी दिलेला जुना गॉगल, जो नाकावरून सारखा घसरत होता.

"मागे काहीच नाही?" मायकेनने मान वळवून बघितलं.

"नाही गं. या गाडीला दोनच जागा. एक तुझी, एक माझी." तीराने श्वास घेतला. वाक्य जिभेवर होतं.

"आणि पप्पा..." मायकेन म्हणाली.

"हे बघ राणी, पप्पा..."

"पप्पाकडे त्याची गाडी आहे की," मायकेनने तिलाच समजावलं. "त्यात सात जण बसतात. मी मोजलेत. निघ ना मम्मा!"

तीराने आठवडाभर पाठ केलेलं वाक्य जिभेवरून असं सहज उतरून गेलं की तिला हसू आलं, आणि हसता हसता डोळे भरून आले. वाऱ्यामुळे म्हणता आलं नसतं, गाडी अजून उभीच होती. तिने चावी फिरवली.

त्या निघाल्या. गाव मागे पडलं तसा वारा वाढला. मायकेनच्या टोपीतून सुटलेले केस तिच्याच तोंडात जात होते, ती ते थुंकत होती आणि खिदळत होती. बर्चांना आता बारीक पानं फुटली होती, आणि डोक्यावरून त्यांच्या सावल्या भराभर मागे धावत होत्या. मायकेनने दोन्ही हात वर केले. "मम्मा, आभाळ आपल्याबरोबर येतंय!" ती ओरडली. तीराही ओरडली, कशासाठी ते न कळता, नुसतीच. असं तिने कितीतरी दिवसांत केलं नव्हतं. तिला वाटलं, बरोबर केलं आपण. दोन जागा, दोघी जणी. कुठेच काही रिकामं नाही.

तळ्याच्या वळणावर तिने वेग कमी केला. वारा पडला तसं एकमेकींचं बोलणं ऐकू यायला लागलं. गॉगल कपाळावर ढकलून मायकेन आपल्या सीटच्या कडेवरून हात फिरवत होती, काहीतरी नीट विचार करत असली की फिरवायची तसा.

"मम्मा," ती म्हणाली.

"काय गं?"

"मी पप्पाकडे असते ना, तेव्हा इथे कोण बसतं?"